जुन्या चित्रात पळसाला पानं आणि फुलं एकत्र कशी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे उपयोजित कलेचे विद्यार्थी आहेत, बोरिवलीला राहतात. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्यांनी एका जुन्या इंग्रजी ग्रंथाच्या स्कॅनवरून पळसाचं चित्र उतरवायला घेतलं. होळीच्या सुमारास राष्ट्रीय उद्यानात जाऊन झाड पाहिलं, तर फुलं भरगच्च आणि पानं जवळजवळ नाहीतच. चित्रात मात्र एकाच फांदीशी ताजी पानं, फुलांचा तुरा आणि शेंग. त्यातून चित्रातली पानं निळसर, आणि दुसऱ्या एका पुस्तकात तेच चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं. त्यांचं म्हणणं, "मग या जुन्या चित्रांवर विश्वास ठेवायचा की नाही? आणि मी चित्रावरून काढू की झाडावरून?"

मी वनस्पतिचित्रं काढते आणि शिकवतेही. नव्या प्रजातींच्या शोधनिबंधांसाठी शाईची चित्रं काढणं आणि अभ्यासकांना जुन्या प्लेट, म्हणजे ग्रंथात छापलेली चित्रं, वाचायला मदत करणं, अशी दोन्ही कामं माझ्याकडे येतात. तुम्हाला खटकलेल्या तिन्ही गोष्टी अगदी योग्य जागी खटकल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न थोडा वळवून घेऊ. चित्र खरं की खोटं, असं विचारलं की गाडी तिथेच अडते. त्याऐवजी प्रत्येक जुन्या प्लेटला दोन गोष्टी विचारा: हे काढताना चित्रकारासमोर नेमकं काय होतं, आणि त्यानंतर ते किती हातांतून गेलं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की चित्रातली कुठली रेघ धरायची आणि कुठली सोडायची हे बरंचसं आपोआप कळतं.

पानं आणि फुलं एकत्र का, ते पाहू. हे ग्रंथ ज्यांच्यासाठी निघाले ती माणसं लंडन, ॲम्स्टरडॅम, लायडनमध्ये बसलेली होती. पळस त्यांनी कधी पाहिलेला नव्हता आणि बहुतेकांना तो कधी दिसणारही नव्हता. चित्र छापण्यासाठी तांब्याचा पत्रा कोरून घेणं महागडं काम. एका झाडासाठी तीन ऋतूंच्या तीन प्लेट कोण काढणार? म्हणून फाल्गुनातला तुरा, त्यानंतर फुटलेली पानं आणि वैशाखातली शेंग एकाच कागदावर बसवायची आणि खाली फुलाचे सुटे भाग मांडायचे, ही रीत पडली. ती फसवणूक नव्हती. ते चित्र एका फांदीचं नव्हतंच, जातीचं होतं. आजही शोधनिबंधासाठी चित्र काढताना आम्ही हेच करतो, फक्त कुठला भाग कुठल्या नमुन्यावरून घेतला ते खाली लिहून ठेवतो.

या चित्रांवर किती भिस्त होती याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस'. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांनी कोचीनला बसून जमवलेल्या मलबारच्या वनस्पतींच्या माहितीचे हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. त्यात सातशेहून जास्त प्लेट आहेत. वनस्पतींची माहिती दिली इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांनी, आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी ब्राह्मण जाणकारांनी. या तिघांचं देवनागरी अक्षरांतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. आपल्यापैकी कुणालाही ते पान पाहून भरून येईल. पुढे स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची नावं देणारा आपला ग्रंथ काढला. लिनियस स्वतः भारतात कधीच आला नव्हता. आपल्याकडच्या कित्येक झाडांसाठी त्याच्याकडे ऱ्हीडच्या प्लेटच होत्या. त्यामुळे काही नावांच्या बाबतीत आजही ती प्लेट हाच त्या नावाचा अधिकृत नमुना मानला जातो. वाळवलेली फांदी नाही, चित्र! एखाद्या रेघेवर एवढा भार असेल तर ती रेघ कशी आली हे पाहावंच लागतं.

पण एकत्र जोडलेलं चित्र म्हणजे दर वेळी निसर्गाविरुद्ध, असंही धरू नका. बहावा घ्या. एप्रिल-मे महिन्यात पिवळे घोस लटकत असतात तेव्हा त्याच झाडावर मागच्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगाही असतात, कारण बहाव्याची शेंग पिकायला जवळपास वर्ष घेते. म्हणजे बहाव्याच्या प्लेटवर फूल आणि पिकली शेंग शेजारी दिसली तर ते खरंच तसं असतं. पळसालासुद्धा फुलाच्या दिवसांत एखाद्या फांदीवर जुनी पानं टिकून राहतात, विशेषतः ओलाव्याच्या जागी. पण ती राठ, किडीने खाल्लेली, कडा फाटलेली असतात. तुमच्या चित्रातली पानं अखंड आणि तजेलदार आहेत, म्हणजे ती नंतरची. प्लेटला दोष देण्याआधी त्या झाडाचं बारा महिन्यांचं वेळापत्रक माहीत हवं, आणि ते पुस्तकापेक्षा रस्त्यावर लवकर शिकता येतं.

जोड कुठे आहे ते शोधायची एक पद्धत सांगते. स्कॅन मोठा करून पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो ती जागा पाहा. पळसाचा तुरा जुन्या, गाठाळ, पानं गळलेल्या काडीवर येतो, तर नवं पान येतं कोवळ्या फुटव्यावर. चित्रात गाठाळ काडीवरून थेट कोवळं पान निघालेलं असेल, किंवा पानाचा देठ तुऱ्याच्या मागे जाऊन तिथेच संपत असेल, तर जोड तिथे आहे. पुष्कळदा चित्रकार लपवतही नाही: पान कापून बाजूला ठेवलेलं, कापाची जागा स्वच्छ दिसते. कधी एकच पान रंगवून मागचं नुसतं बाह्यरेषेत सोडलेलं असतं. पळसाला पानं तीनच हे आपण सगळेच म्हणतो, पण त्या खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका, आणि त्या सारख्या नसतात. मधली टोकाकडे रुंद आणि दोन्ही बाजूंनी समान, कडेच्या दोन तिरक्या, एक बाजू जास्त फुगलेली. ज्या प्लेटमध्ये तिन्ही एका साच्यातल्या दिसतात, त्या चित्रकाराने पान हातात धरलं नव्हतं किंवा कोरणाऱ्याने ते सुबक करून टाकलं.

इथून पुढचा प्रश्न येतो: समोर जिवंत फांदी होती की वाळवून दाबलेली? पळसाचं फूल यासाठी उत्तम आहे. देठाजवळचा पेला जाड, काळपट हिरवा, मखमलीसारखा. वरची मोठी पाकळी मागे वळलेली, बाजूच्या दोन अरुंद, आणि खालची पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. पाकळ्यांना बाहेरून बारीक रेशमी लव असते, त्यामुळे केशरी रंगावर तिरप्या उजेडात रुपेरी झाक येते. ताज्या फुलावरून काढलेल्या चित्रात ही झाक कशी तरी पकडायचा प्रयत्न दिसतो आणि प्रत्येक फूल वेगळ्या दिशेला वळलेलं असतं. दाबलेल्या नमुन्यावरून काढलेलं असेल तर सगळी फुलं एकाच पातळीत, चोच बाजूला चपटी झालेली, पेला प्रमाणाबाहेर रुंद, एकही पान कडेवरून पाहिलेलं नाही. रंग तर वाळलेल्या फुलात राहतच नाही, केशरीचा तपकिरी होतो. म्हणजे तो रंग कुणाच्या तरी टिपणातून आलेला.

आता रंगाकडे वळू. तुमची निळी पानं मला अजिबात नवी नाहीत. त्या काळी हिरवा रंग बऱ्याचदा निळ्यात पिवळा मिसळून केला जाई: नीळ किंवा प्रशियन ब्लू, आणि त्यात झाडाच्या डिंकापासून किंवा इतर सेंद्रिय द्रव्यापासून केलेला पिवळा. उजेडात पिवळा आधी उडतो आणि निळा मागे राहतो. पांढऱ्यासाठी वापरलेला सफेदा शिशाचा असे. दूषित हवेत तो करडा-काळा पडतो, म्हणून काही जुन्या चित्रांत पांढरी फुलं मळकट दिसतात. किरमिजी रंगही उजेडाला फारसा टिकत नाही. बंद ग्रंथातली प्लेट त्या मानाने चांगली राहते, भिंतीवर टांगलेली लवकर जाते. त्यावर पुन्हा स्कॅनरची स्वतःची छटा चढते.

पण हा झाला काळाचा परिणाम. त्याआधीच रंग मूळ चित्रकाराच्या हातातून निघून गेलेला असतो, हे जास्त महत्त्वाचं. ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याचा कोरोमंडल (भारताच्या पूर्व) किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा तीन खंडांचा ग्रंथ घ्या. १७९५ पासून पंचवीस वर्षं तो हप्त्याहप्त्याने निघत होता. चित्रं इथे, आपल्याकडच्या चित्रकारांनी झाडासमोर बसून काढलेली. सुमारे पाचशे चित्रं लंडनला गेली, तिथल्या जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांतली तीनशे निवडली, ती तिथे तांब्यावर कोरली गेली आणि छापील प्रतींवर रंग भरणाऱ्या कारागिरांनी एका नमुना प्रतीवरून हाताने रंग दिला. त्या कारागिरांनी झाड पाहिलेलं नव्हतं. म्हणजे आकार एकाचा, कोरीव रेघ दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा. यावर एक सोपी तपासणी करता येते. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर असे जुने ग्रंथ मोफत पाहता येतात, आणि काही ग्रंथांच्या वेगवेगळ्या ग्रंथालयांतल्या प्रती तिथे असतात. एकाच प्लेटचे दोन स्कॅन शेजारी ठेवा. रेघा सारख्याच असतील, रंगात फरक दिसेल. जिथे फरक जास्त, तिथे रंगावर भिस्त ठेवू नका. रंगासाठी झाडाकडेच जायचं, याला पर्याय नाही.

उलटं चित्र हा तिसरा मुद्दा. तांब्याच्या पत्र्यावर जसं कोराल त्याच्या उलट कागदावर उमटतं. काळजीपूर्वक काम करणारा कोरणारा आधी मूळ चित्र उलटं करून घेतो, घाईतला तसंच कोरतो. शिळाछापातही तेच: दगडावर थेट काढलं तर छाप उलटा, खास कागदावर काढून दगडावर उतरवलं तर सुलटा. आणि छापील प्लेटवरून कुणी पुन्हा प्लेट केली की पुन्हा उलट. पळसाच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही. वेलींच्या बाबतीत मात्र बिघडतं. कडू कारंदा आणि कोनफळ हे दोन्ही एकाच कुळातले, एकाच प्रजातिगटातले वेल, पण आधाराभोवती परस्परांच्या उलट दिशांनी वळतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ओळख पटवताना या वळणाची दिशा पाहतात. प्लेट उलटी छापली गेली की कारंदा कोनफळासारखा वळायला लागतो. म्हणून कुठल्याही वेलीची जुनी प्लेट हातात आली की मी आधी तिचं वळण जिवंत वेलीशी ताडून पाहते, बाकी सगळं नंतर.

तुम्ही दोन ग्रंथांत तेच चित्र पाहिलंत, हे फार चांगलं झालं. कारण यातून एक सवय लावून घेता येते. जुन्या ग्रंथांत एकमेकांवरून चित्रं घेणं सर्रास चाले. मुंबईचेच डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९१८ साली निघाला. त्यातल्या कितीतरी प्लेट आधीच्या ग्रंथांवरून घेतलेल्या आहेत. वैद्य-डॉक्टरांच्या हाती एका ठिकाणी सगळी चित्रं पडावीत हा त्यामागचा हेतू होता आणि तो त्यांनी उत्तम साधला. पण आपण पडताळा घेताना एक ध्यानात ठेवायचं: तीन ग्रंथांत तोच वाकडा देठ दिसला तर त्या तीन साक्षी होत नाहीत. साक्ष एकच, तीन वेळा नोंदलेली.

इथे थोडं विषय सोडून, कारण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही चित्रं काढणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. रॉबर्ट वाइट या मद्रासकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या चित्रकारांची, रंगय्या आणि गोविंदू यांची, नावं नोंदवली. गोविंदूच्या नावाने तर त्याने ऑर्किडच्या एका गटाचं नामकरण केलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक वॉलिच याच्या १८३० च्या आसपासच्या देखण्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही नावं आढळतात. आपल्या मुंबई इलाख्यात मात्र पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग होती. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नाही. तुम्ही जुन्या प्लेटवरून काही उतरवलंत तर खाली ग्रंथकर्त्याच्या नावाबरोबर चित्रकाराचंही नाव लिहा, आणि ते माहीत नसेल तर "चित्रकार अज्ञात" असं स्पष्ट लिहा. नुसतं "रॉक्सबर्गचं चित्र" असं म्हणू नका. रॉक्सबर्गने ते काढलेलं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: चित्रावरून की झाडावरून? हे तुम्हाला काय हवंय त्यावर ठरेल. जुनी शैली हातात यावी, कुंचल्याचे थर समजावेत, असं असेल तर जुन्या प्लेटची नक्कल जरूर करा. आपल्या मिनिएचर परंपरेतून आलेल्या चित्रकारांनी घट्ट अपारदर्शक रंगाची सवय सोडून पातळ पारदर्शक रंगाशी कसं जुळवून घेतलं, हे नक्कल करतानाच कळतं. कुणाच्या घराच्या भिंतीसाठी असेल तरी हरकत नाही. पण प्रदर्शनात "पळस" म्हणून ठेवायचं असेल आणि लोकांनी त्यावरून पळस ओळखावा असं वाटत असेल, तर झाडासमोर बसायला हवं. जुनी प्लेट मांडणी शिकण्यासाठी शेजारी ठेवा.

मी असं करते. पहिल्या तासात चित्र सुरू करत नाही, फक्त रंगाचे ठिपके काढते, कारण तोडलेल्या फुलाचा रंग सगळ्यात आधी जातो. पेल्याचा काळपट मखमली रंग, पाकळीचा आतला केशरी, बाहेरचा लवेमुळे फिका झालेला केशरी, प्रत्येकाला वेगळा ठिपका आणि बाजूला मिश्रणाची नोंद. फुलं ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. मग डिव्हायडरने मापं घेऊन प्रत्यक्ष आकारात पेन्सिल. त्यानंतर एक फूल उघडते: दहा पुंकेसरांपैकी नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा, हे भिंगाखाली नीट दिसतं आणि खालच्या सुट्या भागांत ते दाखवायलाच हवं. राष्ट्रीय उद्यानातून फांदी तोडून आणायची परवानगी नसते, त्यामुळे तिथे फक्त जागेवर बसून रेखाटन करा आणि खाली पडलेल्या फुलांवरसुद्धा हात लावण्याआधी विचारून घ्या. पळस कुणाच्या आवारात किंवा गावी असेल तर उत्तमच.

मुंबईत राहणाऱ्याला या अभ्यासासाठी फार लांब जावं लागत नाही. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ पासूनचं. आधी पत्र लिहून, कामाचं स्वरूप सांगून परवानगी घेतली तर वाळवलेले नमुने पाहता येतात. दाबलेलं फूल कसं दिसतं हे एकदा तिथे नीट पाहिलंत की जुन्या प्लेटमधलं दाबलेलं फूल लगेच ओळखू येईल. लायन गेटजवळ बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेचं हॉर्नबिल हाउस आहे, तिथे आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची चौकशी करा. आणि भायखळ्याची राणीची बाग सोडू नका. तिथला उर्वशीचा वृक्ष बहरात असताना लोंबणारे लाल-पिवळे तुरे पाहा, मग वॉलिचच्या ग्रंथातली त्याची प्लेट उघडा. एवढा लांब तुरा कागदावर बसवताना काय वाकवावं लागलं आणि लोंबणारी कोवळी पानं कशी हाताळली, हे दोन्ही शेजारी पाहिल्यावर जेवढं समजतं तेवढं माझ्या या लांबलचक उत्तरातून समजणार नाही.

कागदाबद्दल थोडंच. मुंबईत जून ते सप्टेंबर पातळ रंगाचे थर वाळायला फार वेळ लागतो आणि कागद फुगतो. शंभर टक्के सुती, गुळगुळीत पृष्ठाचा, तीनशे जीएसएमचा कागद घ्या, काम बंद केल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवा. बुरशी एकदा धरली की तिचे डाग जात नाहीत.

प्रदर्शनासाठी तुम्हाला पान, फूल आणि शेंग एकत्रच दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, ती जुनीच आणि चांगली रीत आहे. फक्त चित्राखाली तीन ओळी लिहा: तुरा कुठल्या महिन्यात आणि कुठल्या झाडावरून, पान कधीचं, शेंग कधीची. तुरा आता हाताशी आहे तोवर तो पूर्ण करा. पानं फुटतील तसं मधल्या आणि कडेच्या पर्णिकांचा फरक नीट मापून घ्या. शेंगेसाठी वैशाखापर्यंत थांबा, कारण टोकाला एकच बी असलेली ती चपटी शेंग कल्पनेने काढली की हमखास मधोमध फुगते. तोवर कागदावर तिची जागा पेन्सिलीने राखून ठेवा.